परग्रहवासी उशिरा आले, ही तक्रार खरी नाही

‘दहा भाग बघितले, एलियन काही धड दिसला नाही.’ ‘इन्व्हेजन’ या मालिकेचं नाव काढलं की समोरचा माणूस हे वाक्य टाकतोच. नाशिकच्या कॉलेज रोडला रात्री उशिरापर्यंत बसणारी पोरं टाकतात, सातपूर एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट उरकून येणारा माझा मेहुणा टाकतो, आणि मुलाच्या खात्यावरून अ‍ॅपल टीव्ही बघणारे आमच्या इमारतीतले निवृत्त गुरुजीही टाकतात. एरवी या मंडळींचं कशावर एकमत व्हायचं नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सायमन किनबर्ग आणि डेव्हिड वाइल यांनी रचलेली ही मालिका २२ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाली. पहिल्या सीझनचे दहा भाग. ओक्लाहोमातला निवृत्तीला टेकलेला शेरीफ, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर संसार करणारी अनीशा, टोकियोच्या अवकाश संस्थेत काम करणारी मित्सुकी, अफगाणिस्तानात तैनात असलेला ट्रेव्हांटे हा अमेरिकी सैनिक आणि लंडनची शाळकरी मुलं, अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या गोष्टी समांतर चालतात. पृथ्वीवर स्वारी होणार हे आपल्याला मालिकेच्या नावावरूनच ठाऊक. पडद्यावरच्या माणसांना मात्र ते उमगायला भागामागून भाग जातात. दुसरा सीझन २०२३ला आला, तिसरा २०२५ला, आणि तक्रारीचा सूर फारसा बदलला नाही.

लोकांची चिडचिड मला पटते. तिचं जे कारण ते सांगतात, ते पटत नाही. परग्रहवासी उशिरा आले म्हणून कुणी चिडलेलं नाही. ते येईपर्यंत जी माणसं आपल्यासमोर बसवली, ती संकटात माणसं वागतात तशी वागत नाहीत, हे खरं दुखणं आहे. प्रेक्षकाला ते जाणवतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही, म्हणून तो ‘स्लो आहे’ म्हणून मोकळा होतो.

संथपणाचं आपल्याला काही वावडं नाही. एका लग्नाची हळद तीन आठवडे चालवणाऱ्या मालिका संध्याकाळी सात ते दहा घराघरांत चालू असतात. एक संवाद, मग तीन चेहऱ्यांवर तीनदा कॅमेरा, मग जाहिराती. हे गोडीने बघणाऱ्याला संथपणा सोसत नाही असं कोण म्हणेल? दैनंदिन मालिकेचं उदाहरण हलकं वाटत असेल तर त्याच जातकुळीतलं दुसरं घ्या. नेटफ्लिक्सवर २१ मार्च २०२४ला ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ आली. तिथले परग्रहवासी पृथ्वीवर पोहोचायला चारशे वर्षं आहेत. आठ भागांत ते येत नाहीत, आणि येणार नाहीत हे सांगूनच ठेवलंय. तरी ती मालिका ‘एलियन कुठाय’ म्हणून कुणी अर्ध्यात सोडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तिच्याबद्दलचे वाद निराळे होते. चीनमध्ये नेटफ्लिक्स अधिकृतपणे दिसत नाही, तरी तिथल्या अनेकांनी आडवाटेने ती मिळवून बघितली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या सुरुवातीच्या प्रसंगावरून रागावले. १९६६ साल, भर सभेत विद्यार्थ्यांच्या हातून मरेपर्यंत मार खाणारा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, आणि गर्दीत उभी राहून ते बघणारी त्याची मुलगी. पुढे हीच मुलगी, ‘उत्तर देऊ नका’ असा इशारा परग्रहावरूनच आलेला असताना, उत्तर पाठवते. माणसांवरचा तिचा विश्वास कुठे आणि कसा उडाला हे आपण बघितलेलं असतं. तिचा निर्णय भयंकर आहे, पण त्यात खोट काढता येत नाही. अशी एक व्यक्ती उभी राहिली की प्रेक्षक चारशे वर्षं थांबायला तयार होतो.

‘इन्व्हेजन’मध्ये हे कुठे फसतं ते अनीशाच्या गोष्टीत चांगलं दिसतं. तिचं वैद्यकीय शिक्षण झालेलं, पण संसारापायी मागे पडलेलं. मुलाच्या वर्गात पोरांच्या नाकातून अचानक रक्त यायला लागतं. त्याच सुमारास नवऱ्याच्या फोनवरून तिला त्याचं बाहेरचं प्रकरण कळतं. मग वीज जाते, स्फोट होतात, पळापळ सुरू होते. आता हे सगळं एकाच घरात होऊ शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. नवराबायकोचं भांडण स्वारी झाली म्हणून थांबत नाही, उलट गाडीत बसल्यावर आणखी पेटतं. पण या घरात पाणी किती भरून ठेवलंय? शेजारी कोण आहे, त्याच्याकडे गाडी आहे का, म्हातारी माणसं कुठे ठेवली? एटीएम बंद पडल्यावर पैसे कुणाकडे आहेत? या प्रश्नांवरून मालिका भरभर पुढे जाते आणि अनीशाच्या चेहऱ्यावर मात्र मुक्काम ठोकते. गोल्शिफ्तेह फराहानी अभिनेत्री ताकदीची आहे, म्हणून तेवढं तरी निभावतं.

२०२०च्या आधी कदाचित आपल्याला हे खटकलं नसतं. तोवर जगबुडी ही पडद्यावरची चीज होती. त्यानंतर आपण प्रत्यक्ष एक न दिसणारी स्वारी अनुभवली आणि त्या विषयात जाणकार झालो. मे २०२०मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसांची रांग उत्तरेकडे चालली होती. कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. नाशिकचे लोक रस्त्याच्या कडेला पाणी, खिचडी, केळी घेऊन उभे राहिले. काहींनी चपला आणल्या, कारण चालणाऱ्यांच्या चपला झिजून तुटल्या होत्या. संकटात चपला लागतात हे कुठल्या पटकथालेखकाला टेबलाशी बसून सुचणार नाही. ते रस्त्यावर उभं राहिल्यावरच कळतं. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल २०२१ला, शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्या दिवसांत या शहरात प्रत्येकाला सिलिंडरची मापं, फ्लोमीटर, रिफिलिंग कुठे होतं हे पाठ झालं होतं. अशा प्रेक्षकाला तुम्ही पडद्यावर ‘जग संपतंय’ दाखवायला निघालात, तर तो पहिल्यांदा बारीकसारीक हिशेब तपासणार. तो त्याचा हक्कच आहे.

आणि अजूनही दर थंडीत आमच्याकडे एक छोटी तालीम होतेच. बिबट्या येतो. सावरकरनगर, सिडको, देवळाली, कधी कुठे तर कधी कुठे. सोसायटीच्या ग्रुपवर आधी एक काळपट फोटो पडतो. त्याखाली, ‘कन्फर्म आहे का?’ मग कुणीतरी, ‘माझ्या साडूच्या बिल्डिंगमागे दिसला.’ मग पाच मिनिटांत तोच फोटो दुसऱ्या गावाचा निघतो. तोवर वॉचमनने गेट लावलेलं असतं, क्लासला गेलेल्या पोरांना घ्यायला बाप निघालेले असतात, आणि दोन उत्साही तरुण मोबाइलचा टॉर्च लावून बिबट्या शोधायला गेलेले असतात. खालच्या मजल्यावरच्या काकू मात्र रोजच्यासारखा गॅलरीतून कचऱ्याच्या गाडीची वेळ विचारतात. भीती, शंका, बढाई, हौस आणि नेहमीची कामं, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. स्वारीची गोष्ट लिहिणाऱ्याने हा ग्रुप एक आठवडा वाचला तरी त्याचं काम होईल. ‘इन्व्हेजन’मधली बरीच माणसं एका वेळी एकच भावना बाळगतात, तीही डोळ्यांत पाणी आणून.

याला अपवाद आहे मित्सुकी, आणि गंमत म्हणजे मालिकेला नावं ठेवणाऱ्यांना विचारलं तर तीच आवडल्याचं सांगतात. तिचं जिच्यावर प्रेम आहे ती हिनाता अंतराळयात्रेत मरते. यान कशाला तरी धडकलेलं असतं. मित्सुकी रडते, पितेही, पण मग खुर्चीत बसून सिग्नल ऐकायला लागते. तो आवाज पुन्हा पुन्हा लावते, गाळते, कुणी विश्वास ठेवत नाही तरी सोडत नाही. माझ्या मेहुण्याचं मत असं की ‘त्या बाईला आपलं काम येतं.’ मशीन बिघडल्यावर आवाजावरून बेअरिंग गेलं की बेल्ट हे ओळखणाऱ्या माणसाकडून आलेली ही दाद आहे. त्याच्या तक्रारीचा अर्थही मला इथेच लागला. त्याला परग्रहवासी बघायचा नव्हता, संकटात हात चालवणारा माणूस बघायचा होता.

आता दुसऱ्या एका रागाबद्दल. मालिकेच्या जाहिरातींत शेरीफची भूमिका करणारा अभिनेता सॅम नील ठळकपणे दिसत होता. तो शेरीफ पहिल्याच भागात शेतात काहीतरी बघतो आणि नाहीसा होतो. पुढच्या भागात येईल म्हणून लोक वाट बघत राहिले. तो आलाच नाही. हा निर्मात्यांचा कलात्मक धक्का असेल, पण प्रेक्षकाने तो फसवणूक म्हणून नोंदवला. इथे इतिहास प्रेक्षकाच्या बाजूने आहे. ३० ऑक्टोबर १९३८ला अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या स्वारीचं नभोनाट्य बातमीपत्राच्या धाटणीत सादर केलं आणि देशभर हाहाकार उडाला, ही कथा सगळ्यांना माहीत असते. प्रत्यक्षात त्या रात्री सी. ई. हूपर या कंपनीने घरोघरी फोन करून जी पाहणी केली होती, तीत तो कार्यक्रम ऐकणारे जेमतेम दोन टक्के निघाले. घाबरलेले लोक होते, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी पोलिसांना, वर्तमानपत्रांना फोन करून खातरजमा केली. हाहाकाराची कथा फुगवली ती वर्तमानपत्रांनी. रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता आणि त्याला बेजबाबदार ठरवायची ही आयती संधी होती.

खरा भडका उडाला तो फेब्रुवारी १९४९मध्ये, इक्वेडोरच्या कितो शहरात. तिथल्या रेडिओनेही हेच नाटक स्थानिक गावांची नावं घालून, आधी पत्ता लागू न देता, प्रसारित केलं. लोक रस्त्यावर आले. मग आकाशवाणी झाली की हे नाटक होतं. आग लागली ती त्यानंतर. जमावाने ‘एल कोमेर्सिओ’ या दैनिकाची इमारत, जिथे ते रेडिओ केंद्र होतं, पेटवून दिली आणि त्यात माणसं मेली. परग्रहवासीयांना लोक भ्याले आणि भीती ओसरल्यावर फसवणाऱ्याकडे वळले. अ‍ॅपलची इमारत कुणी जाळणार नाही, सबस्क्रिप्शन बंद करतील एवढंच, पण रागाची जात एकच.

प्रेक्षकाची बाजू घेतोय म्हणून त्याला सगळं माफ असं नाही. दीडपट वेगाने मालिका बघायची, मध्येच क्रिकेटचा स्कोअर बघायचा, भांडणाचे प्रसंग पुढे ढकलायचे आणि वर ‘पात्रं उभी राहत नाहीत’ म्हणायचं, हे चालत नाही. कॉलेज रोडची ती पोरं असं करतात, मी बघितलंय. त्यांना सांगितलं तर म्हणतात, चांगलं असेल तर आपोआप वेग कमी करतो. उत्तर उद्धट आहे, पण अगदीच खोटं नाही.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कुणी काढत नाही, आणि नाशिककरांनी तरी काढायला हवी. स्वारीच्या कथेचं मूळच परकी राजवटीत आहे. ऑर्सन वेल्सचं नभोनाट्य ज्या कादंबरीवर बेतलं होतं, त्या १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये एच. जी. वेल्सने पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढली. युरोपीय लोकांनी पन्नास वर्षांत त्यांचा निकाल लावला, मग मंगळवासीयांनी आपल्याशी तसंच वागलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल. इंग्लंडच्या वाचकाला काही क्षण टास्मानियाच्या जागी उभं करायचं, ही त्या गोष्टीची खरी कळ होती. पुढच्या शंभर वर्षांत ती हरवली आणि अंतराळयान, लेझर आणि शेवटी बॉम्ब टाकणारा वीर एवढंच उरलं.

आपल्याला ती जागा कल्पनेने गाठावी लागत नाही. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, त्याच्या निरोपानिमित्त त्याला बोलावलं होतं. सतरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने तिथे त्याला गोळ्या घातल्या, आणि १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. हा इतिहास शाळेत शिकवतात. त्यातली एक गोष्ट मात्र घाईत निसटते. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, त्याला पंडित जॅक्सन म्हणत, आणि तो मराठी नाटकाला येऊन बसला होता. परकी सत्ता म्हणजे हिरव्या कातडीचा राक्षस नसतो. ती तुमची भाषा शिकते, तुमच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसते, आणि तुमच्यातलेच प्रतिष्ठित तिला निरोपाचा हार घालायला पुढे असतात. कोण तिच्या कचेरीत नोकरी धरतं, कोण लांब राहतं, कोणाचा पोरगा हातात पिस्तूल घेतो, आणि हे तिघे एकाच गल्लीत कसे राहतात? स्वारीच्या मालिकेत मला हे बघायचंय. ‘कॉलनी’ या २०१६ ते २०१८मधल्या अमेरिकी मालिकेने त्या दिशेने प्रयत्न केला होता. परग्रहवासी जवळजवळ अदृश्य, आणि सगळा ताण त्यांच्या वतीने कारभार हाकणाऱ्या माणसांचा. तीन सीझनमध्ये ती बंद पडली. का पडली हा निराळा विषय, पण कल्पना अस्सल होती.

मग मराठीत हे का होत नाही? ‘इन्व्हेजन’ सुरू झाल्यावर दीड महिन्याच्या आत, डिसेंबर २०२१मध्ये, नाशिकलाच ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला मराठी साहित्याने दिलेला एवढा मोठा मान. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. आडगावच्या मंडपात भाषणं, रांगा, पुस्तकांचे स्टॉल, सगळं झालं, आणि विज्ञानकथा होती तिथेच राहिली. नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथा म्हणून तिची पारख व्हावी एवढीच अपेक्षा होती. आपण नेमकं तेच केलं नाही. विज्ञानकथा म्हणजे मुलांना विज्ञान गोड करून सांगण्याची सोय, असा समज करून तिला बक्षीस समारंभांत बसवून ठेवलं. २० मे २०२५ला नारळीकर गेले तेव्हा श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्यांच्या कथांवर मालिका करायचं मात्र कुठल्या मोठ्या मराठी वाहिनीने मनावर घेतल्याचं दिसलं नाही.

वाहिनीवाले खर्चाचं कारण देतात. एलियन परवडत नाही म्हणे. अहो, पण तुमचा प्रेक्षकच सांगतोय की एलियन नसला तरी चालेल! १९३८च्या नाटकात तर चित्रच नव्हतं, नुसते आवाज होते. आणि जागा शोधायला लांब जायला नको. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावपासून जवळच खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना शेतांमधून पसरलेल्या, सगळा पसारा मिळून सुमारे २५ किलोमीटरचा. शेजारी टोमॅटोचा मोठा बाजार. आकाशातून आलेला कुजबुजीहून क्षीण सिग्नल पकडायचा तर आसपासच्या मोटारी, मोबाइल, विजेच्या तारांचा गोंगाट सांभाळावा लागतो, म्हणजे शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांची रोजची ओढाताण आयतीच आहे. समजा, एका रात्री एका अँटेनावर काहीतरी येतं. ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला ते आधी कुणाच्या तरी पंपाच्या स्टार्टरचं वाटतं. बातमी बाजारात पोहोचते ती भाव पडल्यावर.

शिवाय आकाशातून खरोखर काही पडलं तर गावात काय होतं याचाही ताजा नमुना आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात पेटते लोळ जाताना दिसले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. गावाने काय केलं? आधी पळाले, मग जमले, मग फोटो काढले, मग पोलिसांना बोलावलं. हा क्रम कुठल्याही अमेरिकी मालिकेत मी बघितला नाही, कारण तिथे फोटोच्या आधी लष्कर येतं.

‘आपला प्रेक्षक अजून तयार नाही’ हे वाहिन्यांचं दुसरं उत्तर. जो प्रेक्षक लाखो डॉलर्सच्या मालिकेतली माणसं खोटी वाटतात म्हणून ती बंद करतो, तो तयार नसेल तर कोण आहे? अडचण लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि त्याचाही दोष पूर्ण त्याचा नाही. रोज एक भाग लिहून द्यायचा, सकाळी पाठवलेलं दुपारी सेटवर जायचं, टीआरपी पडला की आठवड्यात गोष्ट वळवायची, या चरकातून निघालेला लेखक खोडदला जाऊन महिनाभर राहणार कधी? तंत्रज्ञाबरोबर रात्रपाळीला बसणार कधी, आडत्याकडे चहा पिणार कधी? एखाद्या वाहिनीने दहाच भाग मागावेत आणि त्यासाठी लेखकाला सहा महिन्यांचा पगार आगाऊ द्यावा. एलियनच्या सांगाड्याला जेवढा खर्च येईल त्यापेक्षा तो नक्की कमी असेल.